जाळीच्या आत राहिलेलं पाडस

केदारखेड्याच्या शिवारात बेबीनंदाच्या हरभऱ्याला जाळीचं कंपाउंड बसलं आणि तिची राखण सुटली. नवरा वारल्यापासून ती एकटीच रान सांभाळत होती. मुलगी अक्षता पुण्याला दवाखान्यात नर्स. तिनंच जाळीचा खर्च केला. "आता डबे बडवीत बसायचं न्हाई, आई," एवढं बजावून तिनं फोन ठेवला होता.

जाळी कामाला आली. आधीच्या कुंपणाच्या तारांमधून अंग चोरून घुसणारी हरणं थांबली. रानडुकरांनी खालची माती उकरून पाहिली, पण जाळी खोल गाडलेली होती. वानरं तेवढी शिडी चढावी तशी चढून येत आणि खुशाल घाटे सोलत बसत. बेबीनंदा त्यांना हाकलायची, पण जरा उशिरानंच. तेवढीच कुणाची तरी ये-जा.

राखणीच्या दिवसांत शेजारच्या रानातून साहेबराव हाक द्यायचा, इकडून ती द्यायची. मग तो बांधावरनं चहाला यायचा. जाळीनं ती पायवाटच अडवली. ओढ्याकडून लांबचा वळसा पडू लागला, आणि साहेबराव यायचा बंद झाला.

एके दिवशी सकाळी ती रानात आली तर फाटक सताड उघडं. आदल्या दिवशी कडी लावायचीच राहिली होती. आत रोही, म्हणजे नीलगाय, चरत होती, तिच्या पोटाशी तांबूस पाडस. बेबीनंदाला बघताच रोही उधळली आणि पुरुषभर उंचीची जाळी एका झेपेत ओलांडून गेली. पाडस मागोमाग धावलं, जाळीवर आदळलं, पडलं, उठून पुन्हा आदळलं. आई पलीकडे उभी, त्यामुळे ते तिथून हलेना. बेबीनंदानं फाटकाकडं वळवून पाहिलं. ते फिरून तिथंच. त्याच्या नाकातून रक्त येऊ लागलं.

तिनं साहेबरावला फोन लावला. "भाऊ, पक्कड घेऊन जल्दी या."

तो वळसा घालून धापा टाकत आला. "वहिनी, पीक खाल्लं त्यांनी, अन् तुम्ही जाळी तोडून राह्यल्या?"

"मंग काय करू? मरून जाईल ते."

साहेबराव पक्कड घेऊन जाळीपाशी बसला. त्यानं खालच्या कड्या सोडून जाळीचा कोपरा वर दुमडला. दोघं लांब जाऊन खाली बसली. बऱ्याच वेळानं पाडस त्या भोकातून वाकून बाहेर पडलं. रोहीनं त्याला हुंगलं आणि दोघं तुरीत दिसेनाशी झाली.

साहेबरावनं जाळी पुन्हा नीट बांधली. बेबीनंदानं चहा टाकला.

"येत जा की," ती म्हणाली.

त्यानं कप खाली ठेवला. "रान दुसऱ्याला बटईनं कसायला देल्लं, वहिनी. पोरगा जालन्याला नेऊन राह्यला. एमआयडीसीत लागला ना तो."

"कधी?"

"उद्याच."

"बरं हाय," ती म्हणाली. ती फाटकापर्यंत त्याच्यासोबत गेली.

संध्याकाळी तिनं अक्षताला फोन करून फाटक उघडं राहिल्याचं, रोही आत शिरल्याचं सांगितलं.

"लई नुकसान झालं का?" अक्षतानं विचारलं.

"न्हाई. पाडसाला लागलं थोडं."

"फाटक लावत जा गं, आई. ठेवते, ड्यूटी हाय."

"लावते," बेबीनंदा म्हणाली. तोवर फोन कट झाला होता. उन्हं उतरली तरी ती बांधावर बसून राहिली. शेजारच्या रानात कुणी नव्हतं.