आवाज नको

दिवसभर कचेरीत डोकं शिणवून घरी यावं आणि मुलांनी घर डोक्यावर घेतलेलं असावं, हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही? ग्वाल्हेरजवळच्या मुरारला राहणाऱ्या मुकुंदराव पवारांना मात्र तो नव्हता. घरात नऊ वर्षांची शरयू होती, चार वर्षांचा रमाकांत होता. पण संध्याकाळी मुकुंदरावांची सायकल फाटकाला टेकली की आत माठातून झिरपणाऱ्या पाण्याचा थेंब ऐकू यावा इतकी शांतता पसरायची.

"भाईसाहेब, तुमच्या घरी बच्चे आहेत हे पताच लागत नाही," शेजारच्या सुमनताई एकदा म्हणाल्या. त्यांचा चेहरा जरा विचित्र झाला होता. मुकुंदरावांना ते कौतुक वाटलं.

मुकुंदराव मूळचे शिपायांच्या घरातले. त्यांचे वडील तुकोजी ग्वाल्हेरच्या फौजेत, रिसाल्यात होते. तरुणपणी मुकुंदराव विषमज्वराने मिशनच्या इस्पितळात महिनाभर पडून होते. तिथल्या प्रार्थना ऐकता ऐकता त्यांचं मन वळलं आणि ते ख्रिस्ती झाले. तुकोजींनी त्यांना घराबाहेर काढलं, ते कायमचं. शरयूच्या जन्माआधीच म्हातारा गेला. बापाचं घर सुटलं, धर्म सुटला, घोडा आणि तलवारही सुटली; आता आपल्यात त्याचं काही उरलेलं नाही, अशी मुकुंदरावांची समजूत होती. ते सचिवालयात हेडक्लार्क होते, चर्चच्या मंडळीत 'वडील', म्हणजे पंच, म्हणून मान होता, आणि रविवारच्या उपासनेत त्यांची मुलं दगडी बाहुल्यांसारखी बसायची.

ही शिस्त कशी आली होती? मुलाने काही चूक केली की दोन छड्या, आणि मग स्वयंपाकघरामागच्या अंधाऱ्या कोठीत बंद. मुकुंदराव बाहेर उभे राहून छडी चौकटीवर आपटत. टक्. टक्. रडणं पूर्ण थांबलं की मगच कडी निघायची. विजयाबाईंनी मधे पडायचा प्रयत्न केला तर ते म्हणत, "शास्त्राची आज्ञा आहे ही. छडी आवरणारा बाप मुलाचा शत्रू असतो." विजयाबाई मिशनच्या शाळेत वाढलेल्या. ते वचन त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून त्या गप्प बसत.

एकोणीसशे छप्पनचा सप्टेंबर होता. मध्यभारत राज्य जाणार, नवा मध्यप्रदेश होणार, आणि राजधानी भोपाळला जाणार हे पक्कं झालं होतं. लष्कर भागातल्या आणि मुरारमधल्या कितीतरी घरांत सामान बांधणं चाललं होतं. मुकुंदरावांनाही भोपाळला जायचं होतं. आवराआवरीला मदत म्हणून अहमदनगरहून विजयाबाईंच्या मावशी, शालिनीताई, आल्या. मुलींच्या बोर्डिंगात त्यांनी उभा जन्म काढला होता. त्यांची शिस्त नगरमध्ये प्रसिद्ध होती. त्यामुळे त्या आपली बाजू घेतील, असं मुकुंदरावांना वाटत होतं.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना रमाकांतच्या हातून ताकाची वाटी कलंडली. तो रडला नाही, उठलाही नाही. ताक पाटावरून वाहत त्याच्या मांडीखाली गेलं तरी तो तसाच, नजर समोरच्या भिंतीवर लावून बसून राहिला. शरयूने आपला हात हळूच बापापुढे करून तळवा उघडा ठेवला.

"हे काय गं?" मावशींनी विचारलं.

"रमा छोटा आहे. त्याची एक छडी मी घेते," शरयू म्हणाली. तिच्या आवाजात ना दुःख होतं ना भीती. बाजारात भाव सांगावा तसं ती बोलली.

मावशींनी त्या रात्री फारसं खाल्लं नाही. मुलं झोपल्यावर त्या म्हणाल्या, "मुकुंदराव, मी पोरींना शिक्षा केल्या नाहीत असं नाही. पण शिक्षा झाल्यावर पोर रडतं, रुसतं, आणि मग कुशीत येतं. तुमची मुलं कुशीत येत नाहीत. तुम्ही आलात की ती घरात असूनही घरात नसतात. मला या घराची भीती वाटते."

"मावशी, मुलांनी आईबापांचं ऐकावं हे आपल्याच शास्त्रात आहे ना?"

"आहे. आणि तिथेच, त्याच्या लगेच पुढे, बापांनाही एक आज्ञा आहे. मुलांना इतकं छळू नका की ती चिरडीला येतील, त्यांचं मन खचेल. तुम्ही निम्मी आज्ञा मुलांना ऐकवता आणि उरलेली निम्मी, जी तुमच्यासाठी आहे, ती वाचतच नाही."

मुकुंदराव हसले. त्यांना वाटलं, वयानं मावशी हळव्या झाल्या असाव्यात.

त्यानंतर काही दिवसांनी विजयाबाई अंगणात कपडे वाळत घालताना म्हणाल्या, "अहो, एक विचारू? दुपारी तुम्ही मधेच घरी येता का?"

"कचेरी सोडून? का?"

"मी मागे विहिरीवर असते तेव्हा घरातून तुमचा आवाज येतो. आत जाऊन बघते तर कोणी नसतं. मुलं आपली खेळत असतात." जरा थांबून त्या म्हणाल्या, "खेळत म्हणजे, बसलेली असतात."

"सामान हललं की रिकाम्या खोल्या घुमतात," मुकुंदराव म्हणाले. पण पायरीवर बसलेल्या मावशींकडे पाहिलं तर त्यांनी मान खाली घातली. आवाज त्यांनीही ऐकला होता.

पुढच्या शनिवारची गोष्ट. कचेरीतल्या फायली पेट्यांत भरून झाल्या होत्या, बसायला खुर्ची राहिली नव्हती, म्हणून सगळ्यांना दुपारीच सोडलं. पाऊस सरून उमस सुरू झाली होती. आळीत चिटपाखरू नव्हतं. विजयाबाई आणि मावशी मंडळीतल्या मंदाताईंकडे बायकांच्या प्रार्थनेला गेल्या होत्या. त्यांचं घर चार पावलांवरच होतं.

मुकुंदरावांनी सायकल टेकवली आणि ते पायरीवर थबकले. आतून आवाज येत होता.

टक्. टक्.

"आवाज नको. श्वाससुद्धा मला ऐकू येता कामा नये. समजलं?"

मुकुंदरावांनी दाराला कान लावला. तो त्यांचा स्वतःचा आवाज नव्हता. पण तो आवाज विसरणं त्यांना शक्य नव्हतं. तोच घशातून घासत येणारा सूर, 'श्वास' शब्दापाशी तोच थांबा, आणि शेवटी तेच संथ 'समजलं?' तो तुकोजींचा आवाज होता. लहानपणी घोड्यांच्या पागेशेजारच्या खोलीत, बंद दाराआड, त्यांनी तो किती वेळा ऐकला होता. आता तो बाप मेलेला होता, आणि या घराचा उंबरा त्याने कधी ओलांडलाही नव्हता.

"रडणं थांबलं की दार उघडेल," आवाज म्हणाला.

आपण परत सात वर्षांचे झालो आहोत आणि आत गेलो तर तो आपल्यालाही धरेल, असं मुकुंदरावांना खरोखर वाटलं. त्यांनी प्रभूचं नाव घेतलं आणि दार ढकललं.

मधल्या खोलीत शरयू एकटी उभी होती. पाठ दाराकडे, पाय फाकलेले, हातात छडी. कोठी भोपाळला न्यायच्या सामानाने भरली होती. शरयूच्या समोर गोधड्या नेण्यासाठी आणलेली पत्र्याची मोठी ट्रंक होती. गोधड्या जमिनीवर काढून ठेवलेल्या. ट्रंकेचं झाकण बंद, आणि कडी लावलेली. शरयूने छडी झाकणावर आपटली. टक्. मग ती वळली, आणि बापाला पाहून तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. ती पुन्हा नऊ वर्षांची मुलगी झाली.

"बाबा, रमाने माझी पाटी फोडली," ती आपल्या नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली. "पहिले तो बहुत रडत होता. आता गप्प झालाय. बिलकुल आवाज नाही. आता उघडायचं ना?"

मुकुंदरावांनी ट्रंकेवर झेप घेतली. कडी ओढताना त्यांचं नख उलटलं. आत रमाकांत अंगाची मुटकुळी करून पडला होता. केस घामाने भिजलेले, ओठ निळसर, आणि आपलं तोंड त्याने स्वतःच्याच हातांनी घट्ट दाबून धरलेलं. श्वास ऐकू येऊ नये म्हणून.

त्यांनी पोराला उचलून अंगणात आणलं, तोंडावर पाणी मारलं, पाठ चोळली, नावाने हाका मारल्या. तो ओरडा ऐकून विजयाबाई आणि मावशी धावत आल्या. मावशींनी पोराला हिसकावून घेतलं, पालथं धरलं, पाठीवर थोपटलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग रमाकांतने एक लांब, घरघरता श्वास घेतला आणि डोळे उघडले. समोर बापाचा चेहरा दिसताच त्याने पुन्हा दोन्ही हात तोंडावर दाबले.

विजयाबाईंनी ते हात सोडवले. "रड रे राजा," त्या म्हणत राहिल्या, "रड. मोठ्याने रड." पण पोर रडेना.

मुकुंदराव उठले. भीतीचा आता संताप झाला होता. ते आत गेले आणि शरयूवर त्यांनी हात उगारला. शरयू मागे सरली नाही. तिने तळवा उघडून पुढे केला, दुसऱ्या हाताने छडी त्यांच्यापुढे धरली, आणि वाट पाहू लागली. तिच्या डोळ्यांत काहीच नव्हतं.

मुकुंदरावांचा हात हवेतच राहिला. ते खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते मुलीच्या डोळ्यांपेक्षा खाली होते.

"शरू," त्यांनी विचारलं, "तो आवाज तुला कोणी शिकवला? आजोबांचा आवाज?"

"कोणते आजोबा?"

विजयाबाई दारात येऊन उभ्या होत्या, रमाकांत त्यांच्या खांद्यावर होता. "कोणी शिकवायला कशाला हवं?" त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्या नवऱ्याशी अशा कधी बोलल्या नव्हत्या. "तुम्ही चिडलात की असेच बोलता. हेच शब्द, हाच सूर. तुमचं तुम्हाला ऐकू येत नाही, एवढंच."

मुकुंदराव तिथेच, गोधड्यांच्या ढिगाशेजारी बसले होते. ऊन भिंतीवरून उतरत गेलं. मावशी त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

"मावशी, मी बापाला मागे सोडून आलो असं समजत होतो," ते म्हणाले. "घर, धर्म, सगळं बदललं. आणि तो माझ्याच तोंडातून मुलांशी बोलत होता."

"नुसतं नाव बदलून माणूस बदलत नाही, मुकुंदराव. देवाला आपण बाप म्हणतो. तो आपल्याला कोठीत कोंडतो म्हणून म्हणतो का? वाट चुकलेलं पोर परत आलं तर धावत पुढे जाऊन गळ्यात पडणारा बाप प्रभूने आपल्याला दाखवला. शिस्त त्यालाही हवीच असते. पण ज्याच्या जवळ जावंसं वाटतं, त्याचीच शिस्त पोराच्या अंगी लागते. भीतीने पोर शिकतं ते एवढंच, की आपल्यापेक्षा लहान असेल त्याला कसं भिववायचं. आज पाहिलंत ना?"

"मग आता शरूला काहीच बोलायचं नाही?"

"का नाही? तिने भावाचा जीव धोक्यात घातला. ते तिला कळलंच पाहिजे. पण आधी तुमचं जे आहे ते तुम्ही कबूल करा. मग तिला तिचं सांगा."

मुकुंदरावांनी तसं केलं. मुलीचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "मी तुम्हाला कोंडलं, ते चुकलं. मला माफ कर." मग त्यांनी तिला रमाकांतच्या छातीवर कान ठेवायला लावला आणि सांगितलं, की हे जे आत धडधडतंय ते आज बंद पडणार होतं. बंद ट्रंकेत हवा नसते. गप्प झालेलं पोर शहाणं झालेलं नसतं. शरयूने कान ठेवला. ऐकता ऐकता तिचा चेहरा हलला, आणि मग ती जे रडायला लागली ते थांबेना. थोड्या वेळाने रमाकांतही रडू लागला. सुमनताई कुंपणावरून घाबरून डोकावल्या, तेव्हा दोन्ही मुलांच्या मधे बसलेले मुकुंदराव त्यांना म्हणाले, "काही नाही ताई. रडू देत त्यांना."

असं घडलं म्हणून सगळं एका दिवसात सुधारलं असं कोणी समजू नये. भोपाळला गेल्यावरही कितीतरी महिने रमाकांत दार बंद झालं की तोंडावर हात न्यायचा. शरयू बापाच्या जवळ यायची, पण पाऊल अडखळायचं. मुकुंदरावांनी घाई केली नाही. नियम घरात राहिले: अभ्यास वेळेवर, खोटं बोलायचं नाही, मोडलं ते सांगायचं, आणि केलेली चूक स्वतः निस्तरायची. कोंडणं आणि मारणं बंद झालं. मग एका सकाळी शरयू कंदिलाच्या काचेचे तुकडे ओच्यात घेऊन आपण होऊन त्यांच्यासमोर आली आणि म्हणाली, "बाबा, माझ्याकडून फुटली." तिचा तळवा पुढे आलेला नव्हता. मुकुंदरावांनी तुकडे उचलून घेतले, राहिलेले तिच्याकडून झाडून घेतले, आणि आत जाऊन देवाचे आभार मानले.

तो आवाज मात्र गेला नाही. म्हातारपणापर्यंत, राग चढला की मुकुंदरावांना तो आपल्याच घशाशी येऊन उभा राहिलेला जाणवायचा, संथ, घासत, वाट पाहत. तेव्हा ते ओठ मिटून घराबाहेर जायचे आणि तो खाली उतरेपर्यंत बोलायचे नाहीत.

वाचकहो, आपल्याही घरी असा एखादा आवाज राहत असेल. आपण त्याला शिस्त म्हणतो, वळण म्हणतो, कधी देवाची आज्ञाही म्हणतो. मुलं आपल्याला घाबरून गप्प असतील, तर त्या शांततेचा अभिमान बाळगू नका. जरा कान देऊन ऐका. मुलांना शासन करण्याचा अधिकार बापाला प्रेमानेच मिळतो. प्रेम बाजूला ठेवून उगारलेली छडी मुलाच्या हातावर थांबत नाही. ती मुलाच्या हातात जाते, आणि पुढे त्याच्याहून लहान असलेल्या कोणावर तरी पडते.