सहा ठिपक्यांचा चाकू

माझ्याकडे एकतीस चाकू होते आणि प्रभाकरकडे नऊ. तरी दर रविवारी सकाळी लोक जमायचे ते त्याच्या खोलीत. हे मला खुपायचं, आणि चांगलंच खुपायचं.

एक्कावन्न सालची गोष्ट. डोंबिवलीला स्टेशनजवळच्या एकाच चाळीत आम्ही राहत होतो. मी रेल्वेच्या कचेरीत कारकून, तो ठाण्याच्या एका शाळेत मास्तर. घडीचे चाकू जमवायचा नाद त्याला मीच लावला, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्याकडे विलायती पात्यांचे होते, हस्तिदंती मुठीचे होते, एक तर बाटलीचं बूच काढायच्या मळसूत्रासकट होता. त्याच्याकडे काय, तर कुणा कुलकर्ण्याचा बोरू तासायचा चाकू आणि कुणा माळ्याचा आंब्याचं कलम बांधायचा चाकू. पण हा तो चाकू हातात घ्यायचा, त्याचं पातं बाकदार का, मूठ आखूड का, ते सांगायला लागायचा, आणि चाळ चहा विसरायची. माझी बायको नंदा, जिने माझ्या कपाटावर कधी फडकंसुद्धा मारलं नाही, ती पदर खोचून त्याच्या दारात उभी असायची!

एकदा तो मला म्हणाला, "कळव्याच्या मिठागरात धाकूमामा म्हणून एक आगरी म्हातारा आहे. त्याच्याकडे शिंगाच्या मुठीचा चाकू आहे. मुठीवर पितळेचे सहा ठिपके ठोकलेत, आधी चार, मग मोकळी जागा, मग दोन."

"मग घेतला का नाहीस?"

"दोन वर्षं जातोय त्याच्याकडे. वेळ आली की स्वतःच देईन म्हणालाय."

ठिपके कशाचे, ते त्याने सांगितलं नाही. मला वाटलं, रविवारसाठी राखून ठेवतोय. त्या रात्री मला झोप आली नाही.

बुधवारी रजा टाकून मी कळव्याला गेलो आणि धाकूला सरळ सांगितलं, "मास्तरांनी पाठवलंय. चाकू मागितलाय."

म्हाताऱ्याने एकच विचारलं, "बाय बरी हाय ना?"

प्रभाकरच्या बायकोला, शालूवहिनींना, आठवा लागला होता. आधीचं मूल पाचव्या दिवशी गेलेलं. पण त्याचा चाकूशी काय संबंध, हे विचारायची मला सवड नव्हती. "बऱ्या आहेत," म्हणालो आणि हात पुढे केला. धाकूने चाकू माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवला.

"हातात देऊ नये. भांडान व्हतं. उचल."

मी उचलला.

रविवारी प्रभाकरच्याच खोलीत, त्याच्याच सतरंजीवर, मी तो वर्तमानपत्रावर मांडला. प्रभाकर बघतच राहिला. मी वसईच्या मोहिमेची कथा ठोकून दिली. एका मावळ्याने या चाकूने सहा शत्रू लोळवले, एकेकाचा एकेक ठिपका.

"मग मधली जागा?" शेजारच्या पोपटने विचारलं. हा माणूस जन्मजात खोचक.

"तिथे तो जखमी झाला होता," मी म्हणालो.

लोक माना डोलवत होते. शालूवहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या चाकू बघून तशाच आत गेल्या. जळतायत, मी मनात म्हटलं. जळू देत, मी दोन वर्षं जळलोय.

तेवढ्यात दारात धाकू उभा. हातात हळिवाची पुरचुंडी.

"बायला बघाया आलू," म्हणाला, आणि त्याची नजर सतरंजीवर गेली. "मास्तर, यो चाकू हितं कं करतंय? बायच्या उशाखाली नाय ठेवला अजून?"

कुणाला काही कळेना. मग त्यानेच सांगितलं. त्याच्या आईने घरातल्या सगळ्या पोरांची नाळ याच चाकूने कापली होती. दिवस भरत आल्यापासून पाचवीपर्यंत तो बाईच्या उशाखाली असायचा, आणि पोर जगलं की मुठीवर एक ठिपका पडायचा.

"आणि मधली जागा?" पुन्हा पोपट.

"तवा चाकू एकानं मागून नेल्ता. पाचवीला घरान नव्हता."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आता हा म्हातारा विचारणार, आणि मी चाळीत तोंड दाखवायच्या लायकीचा उरणार नाही.

"मीच सुधीरला पाठवलं होतं, धाकूमामा," प्रभाकर म्हणाला. "म्हटलं, वेळेच्या आधी घरात असलेला बरा. त्याने रजा टाकून आणला."

"आणि ती वसई?" पोपट.

"गंमत केली त्याने. बरी रचली होती की!"

लोक हसले. मी चाकू मिटला आणि प्रभाकरपुढे धरला. त्याने आपला हात मागे घेतला.

"हातात नको," तो हळूच म्हणाला. "खाली ठेव. आपल्यात भांडण नको."

मी सतरंजीवर ठेवला. त्याने उचलला आणि आत वहिनींच्या उशाखाली ठेवून आला.

त्याच्या जागी मी असतो तर माझ्यासारख्याला जिन्यावरून ढकलून दिलं असतं. माझे एकतीस चाकू, माझी वसई, सगळं त्याने एका वाक्यात झाकून टाकलं, आणि मला त्याचा पूर्वी कधी वाटला नव्हता इतका हेवा वाटला. त्याने मला हाकललं असतं, तर मी घरी जाऊन सुखाने जळत बसलो असतो. त्याने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला.