पोटाचं दुखणं, डोक्याचा फॉर्म

पैज लागली ती मिशीवर. मी औषधवाल्याला म्हणालो, "या आठवड्यात माझी ताई तुझ्यापेक्षा कमी विसरेल. हरलो तर भर रस्त्यात अर्धी मिशी काढेन आणि उरलेली अर्धी घेऊन आठ दिवस फिरेन."

औषधवाला म्हणजे गल्लीतला स्मरणशक्तीचा ठेकेदार. कुणाला कुठली गोळी, जेवणाआधी की नंतर, सगळं तोंडपाठ. तो छाती फुगवून म्हणाला, "मी हरलो तर माझीही अर्धी!" शेजारच्या न्हाव्याने दोघांच्या मिशांकडे अशी नजर टाकली, जणू धंदा आत्ताच झाला.

तुम्ही म्हणाल, पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे शोभतं का? नाही शोभत. पण माझं डोकं फिरलं होतं.

माझं किल्ल्या बनवायचं दुकान. समोर ताईचं शिवणाचं. पस्तीस वर्षं ती कापड बेतते. गिऱ्हाईक दारातून आत आलं की छातीचं माप तिच्या डोळ्यांत उतरतं, टेप लावायची ती फक्त समोरच्याच्या समाधानासाठी. मशीनवर तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा.

मध्यंतरी ताईचं पोट बिघडलं. भूक नाही, सारखं फुगलेलं. वरच्या मजल्यावर सुया टोचणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत, तिकडे गेली. गुडघ्याखाली चार बोटांवर सुई, पोटावर सुया, एक डोक्याच्या मधोमध. सुयांना चिमटे, चिमट्यांना वायरी, वायरी एका डबीला. डबीचं बटण फिरवलं की टकटक टकटक करंट. "पायात मुंग्यांची कवायत चालते रे," ताई हसत म्हणाली. "पण पोट ऐकायला लागलंय."

तिसऱ्या खेपेला तिथून एक कागद मिळाला. पोट आणि मेंदू एकमेकांशी बोलत असतात, या सुयांनी उतारवयातला विसरभोळेपणा लांब ठेवता येतो का ते आम्ही बघतोय, वगैरे. खाली फॉर्म: 'या आठवड्यात त्या काय काय विसरल्या? नातेवाइकांनी भरावा.'

भाच्याने तो वाचला आणि दुसऱ्या दिवशी मोठी कात्री त्याच्या खणात गेली. खणाला कुलूप. ताईच्या पुढ्यात काज आणि बटणं!

"मामा, काळजी नको का घ्यायला?" भाचा म्हणाला. "उद्या कुणाचं महागाचं कापड वाकडं कापलं तर?"

"आजवर कापलंय?"

"म्हणूनच तर. आत्ताच थांबवायचं. प्रतिबंध."

पाहिलंत? बाई पोटासाठी जिना चढली आणि डोक्याची पेशंट होऊन उतरली! ज्या हातांनी बेतलेल्या कपड्यांवर या दिवट्याच्या शाळेची फी गेली, त्या हातांना बटणं!

मी तडक वर गेलो. भांडायचं म्हणून बाह्या वर करूनच. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "मी त्यांना आजारी कुठे म्हटलंय?" त्या म्हणाल्या. "उंदरांवरच्या प्रयोगांत थोडं बरं दिसलंय. माणसांचं अजून नक्की सांगता येत नाही. फॉर्म सगळ्याच साठीच्या पुढच्यांना देते. कात्री काढून घ्या असं त्यावर कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं. भांडायला गेलो आणि भांडायला माणूसच मिळेना. मग मी एक कोरा फॉर्म मागून घेतला, खाली आलो, ती मिशीची पैज लावली आणि फॉर्मवर औषधवाल्याचं नाव टाकलं. ताईचा फॉर्म भाचा भरणार, याचा मी.

भाचा तर पोलिसासारखा मागे लागला. ताईने चष्मा कपाळावर असताना शोधला: लिहिलं. खिडकी उघडी राहिली: लिहिलं. आठवडा संपता संपता तिचे पाच झाले. औषधवाल्याचे चारच. बायकोने सांगितलेली दोन कामं, गार झालेला चहा, आणि दुकानात विसरलेला स्वतःचा फोन.

आता मी किल्लीवाला. दुपारी औषधवाला जेवायला गेला की त्याच्या दुकानाचं कुलूप उघडायला मला किती वेळ? उघडलं, कडीला लटकत ठेवलं आणि झोकात लिहिलं: पाच, कुलूप लावायला विसरला. सहावं काय लिहावं याच विचारात होतो, तेवढ्यात ताई रस्ता ओलांडून आली.

"खोड ते."

"काय?"

"खिडकीतून पाहिलंय मी. खोड म्हणते ना!"

"अगं, तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी? तो तिकडे माझ्या चुका मोजतोय, तू इकडे माझ्यासाठी चुका बनवतोयस! मला काय वाटतंय हे दोघांपैकी एकाने तरी विचारलंत?"

मी खोडलं. पाचला चार. हरलो.

रविवारी सकाळी न्हाव्याने खुर्ची रस्त्यात आणली. गल्ली गोळा झाली. औषधवाल्याने तर दुकानाचं शटर ओढून बायकोलाही आणलं होतं. भाचा पुढेच, दात काढत.

ताई पायरीवर येऊन उभी राहिली. हातात तो फॉर्म. तिने मोठ्याने वाचला, "चष्मा. खिडकी. छत्री. शेजारणीच्या नातीचं नाव. फोन चार्जिंगला लावायचा राहिला. पाच विसरले, खरंय. उद्या सहा विसरेन. यात कापड कुठे आहे?"



"विचारतेय मी तुला," ती भाच्याला म्हणाली. "कापड कुठे आहे?"

"आई, लोकांसमोर काय..."

"बटणं लोकांसमोरच लावायला बसवलंस ना?"

गर्दीतून एक बाई पुढे आल्या. त्यांच्या हातात पिशवी होती. "माझ्या मुलीच्या समारंभाचं कापड आहे. गेल्या आठवड्यात आणलं होतं, ताई बटणं लावताना दिसल्या म्हणून परत नेलं. बेतायचं तर ताईंनीच."

भाच्याचे दात आत गेले. तो मान खाली घालून दुकानात गेला. कुलपाचा आवाज आला. कात्री आणून त्याने आईच्या हातात दिली, मुठीची बाजू तिच्याकडे करून.

"आणि सुया?" त्याने हळूच विचारलं.

"सुया घेणार. पोट बरं वाटतंय. डोक्याचं त्या उंदरांना विचार."

"चला, मिशी!" औषधवाला ओरडला. न्हाव्याने साबण फासला. समोर ताईने टेबलावर कापड पसरलं, खडूची एक लांब रेघ मारली आणि कात्री चालू केली. कचकच, न थांबता.

"हलू नका," न्हावी म्हणाला. मला हसू आवरेना, म्हणून ओठाला जरा लागलं.