घोंगड्याखालचा खांदा

गुलबर्ग्याच्या कॉलेजात, खिडक्यांना काळा कागद लावलेल्या खोलीत प्रतीक्षाचं यंत्र होतं. लेझरचा क्षीण उजेड वस्तूवर टाकायचा, परत येणारे मोजके प्रकाशकण टिपायचे, प्रत्येक कण किती उशिरा आला त्यावरून अंतर काढायचं आणि एवढ्याशा भांडवलावर वस्तूचं उंचसखल चित्र जुळवायचं, हे तिचं एम.टेक.चं काम. साल २०१२. पांढरा पुतळा छान जमला होता. पण पांढऱ्यावर कुणालाही जमतं, म्हणून तिच्या कामाचे मार्गदर्शक असलेल्या सोमशेखर सरांनी नाक मुरडलं. उजेड गिळणाऱ्या काळ्या वस्तूचं चित्र शनिवारपर्यंत दाखव, नाहीतर यंत्र दुसऱ्याला देतो, म्हणाले.

तिला घरचं काळं घोंगडं आठवलं. फोन केला, तर तिचे वडील अप्पाराव ते खांद्यावर टाकून सकाळच्याच बसनं करजगीहून हजर. घरातली मेंढरं जाऊन दोन पिढ्या झाल्या, पण घोंगडं सुटलं नव्हतं. प्रतीक्षानं भिंतीत खिळा ठोकून ठेवलेलाच होता. तो बघून अप्पाराव बिथरले.

"ह्याच्यावर देव बसवतो आपण. खिळ्याला टांगू देणार न्हाई. मी पांघरून बसतो, काय घ्यायचं ते घे."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिचा स्वतःचा हट्टीपणाही तिथूनच आलेला. अप्पाराव डोळे मिटून स्टुलावर बसले. चित्र उमटलं, घोंगड्याच्या घड्यासुद्धा दिसल्या. फक्त डावा खांदा खचून पुढं आलेला. सरांनी नकारार्थी मान हलवली. कण कमी पडले की सॉफ्टवेअर शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाज बांधतं, तिथंच ते फसलंय, असं त्यांचं मत पडलं. तिनं पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. तुम्ही हललात, म्हणून ती अप्पांवरच चिडली. अप्पारावांनी घोंगडं आणखी घट्ट ओढून घेतलं. एरवी ऐकून घेणारा हा माणूस नव्हे.

शेवटी तिनं त्यांना यंत्राकडं पाठ करून बसवलं. चूक यंत्राची असेल, तर वाकडेपणा चित्रात त्याच बाजूला राहील. तो दुसऱ्या बाजूला गेला, म्हणजे वाकडेपणा अप्पांच्या खांद्यातच होता.

तिनं घोंगडं बाजूला केलं. सदऱ्याखाली खांद्याचं हाड वेडंवाकडं जुळलेलं होतं. आता अप्पांनी सांगितलं, तिच्या परीक्षेच्या वेळी ते उसाच्या गाडीवरून पडले होते. कळलं असतं तर पोरगी पेपर सोडून आली असती, म्हणून घरात सगळ्यांना तंबी दिली होती. तेव्हापासून ती घरी आली की भर उन्हाळ्यातही ते घोंगडं घेऊन बसायचे, आणि ती त्यांना हसायची. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

चित्र अगदी बरोबर आहे, यंत्र तुझ्याकडंच राहील, असं सर मागून सांगत होते.

"जमलं का मग?" अप्पारावांनी विचारलं.

"जमलं, अप्पा."

"मग रडायलीस कामून?"