यादीतली सतरावी जागा

घड्याळजींचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. गिऱ्हाईक म्हणालं, "कालपर्यंत छान चालू होतं हो," की ते आधी झाकण उघडून आत पाणी शिरलंय का ते बघत, आणि बहुतेक वेळा शिरलेलं असेच. बायको म्हणायची, "तुम्ही आरशासमोर उभे राहिलात तरी समोरच्याकडे ओळखपत्र मागाल." घड्याळजी यावर हसत नसत.

या संशयी स्वभावाचा जगाला एकच फायदा झाला होता, तो म्हणजे त्यांची यादी. जुन्या घड्याळांवर ते आठ वर्षं ब्लॉग लिहीत होते, आणि दर रविवारी सकाळी, दुकान बंद असताना, ब्लॉग लिहिणाऱ्यांच्या उपयोगाच्या इंटरनेटवरच्या जागांची यादी टाकत. फुकट फोटो कुठे मिळतात, जड फोटो हलके कुठे होतात, शुद्धलेखन कोण तपासून देतं, लिहिलेलं मोठ्याने कोण वाचून दाखवतं. प्रत्येक जागा ते सात दिवस स्वतः वापरत. त्यासाठी वेगळा ईमेल आणि एक खटारा कॉम्प्युटर ठेवला होता, ज्यात चोरण्यासारखं काहीच नव्हतं. सात दिवसांत जागा सभ्य निघाली तरच ती यादीत चढे. चढलेल्या जागाही दर शनिवारी पुन्हा उघडून बघितल्या जात. त्यामुळे लोक त्यांच्या यादीतलं काहीही बिनधास्त उघडत, आणि घड्याळजींना मनातून त्याचा फार अभिमान होता.

आणि एके दिवशी त्यांना तीच यादी दुसऱ्याच्या ब्लॉगवर दिसली.

ब्लॉग 'पांढरी टोपी' नावाच्या कुणाचा तरी होता. विषय, घरातल्या आजाऱ्याची सेवा. पण एका कोपऱ्यात घड्याळजींची सगळी यादी जशीच्या तशी, अगदी 'सावकाश उघडतं, पण प्रामाणिक आहे' या त्यांच्या शेऱ्यासकट. खाली नाव कुणाचंच नाही. घड्याळजींच्या डोक्यात तिडीक गेली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवावं हे सांगणाऱ्याला फोटो हलके करायची उठाठेव कशाला? नक्कीच यात काहीतरी काळंबेरं होतं. सेवाबिवा सगळं नाटक, असणार कुणीतरी बनेल माणूस.

घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आत बारीक खूण कोरायची, ही त्यांच्या धंद्यातली जुनी रीत. पुढे घड्याळ कुणाच्याही हाती गेलं तरी कारागिराला आपलं काम ओळखता येतं. घड्याळजींनी यादीतही खूण कोरायची ठरवली. सतराव्या क्रमांकावर त्यांनी एक जागा चक्क मनाने रचून घातली: 'तुमच्या पूर्ण ब्लॉगची आपोआप नक्कल ठेवते. मोफत. भरवशाची.' पत्ताही मनाचाच. उघडून पाहिला, तिथे काही नव्हतं, तो पत्ता कुणी घेतलेलाच नव्हता. उघडणाऱ्याला बंद दार दिसेल, जाईल परत, त्यात काय बिघडलं?

पुढच्याच सोमवारी सतरावी जागा 'पांढऱ्या टोपी'वर हजर! घड्याळजींनी मांडीवर थाप मारली. आता पुरावा हवा. चोर उद्या सगळं पुसून मोकळा होईल. म्हणून दर रविवारी ते त्या ब्लॉगचं पानन् पान आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ लागले. फोल्डरला नाव दिलं, 'चोर'. वाचलं मात्र एक अक्षर नाही. चोराचं लिखाण कोण वाचत बसतो? तक्रार नेमकी कुणाकडे करायची हे शोधण्यात पाच-सहा आठवडे गेले, आणि तेवढे दिवस सतरावी जागा यादीत तशीच राहिली. शनिवारच्या तपासणीत तिला ते वगळत. तिथे काही नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

एका रविवारी सकाळी अर्ध्या शटरखालून वाकून त्यांची धाकटी बहीण आत आली. इस्पितळात तीस वर्षं नर्स होती, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेली. भल्याभल्या प्रसंगी न डगमगणारी बाई, पण आज डोळे सुजलेले होते.

"दादा, माझं सगळं गेलं रे."

"काय गेलं? नीट सांग."

"माझा ब्लॉग. दोनशे चौदा लेख. शुक्रवारी कुणीतरी पासवर्ड बदलला आणि सगळं पुसून टाकलं. आता तिथे कसल्या तरी जुगाराच्या जाहिराती दिसतात."

"तुझा ब्लॉग? तू कधीपासून लिहायला लागलीस?"

"तुला सांगितलं असतं तर हसला असतास. मागे एकदा मीही लिहू का म्हणून विचारलं होतं, तेव्हा काय म्हणालास? थर्मामीटर वाचता आला म्हणजे लिहिता येत नाही."

घड्याळजींना ते आठवत होतं. त्यांनी विषय बदलला आणि नेहमीच्या सुरात चढले. "पण मुळात पासवर्ड दिलास कुणाला? दिसेल ते उघडत सुटायचं आणि मग रडत बसायचं!"

"दिसेल ते नाही उघडलं," ती म्हणाली. "तुझ्या यादीतलं उघडलं. सतरा नंबर. नक्कल ठेवायला पासवर्ड लागतो म्हणाले. तू तपासलेलं आहे म्हटल्यावर मी दिला."

म्हणजे तो पत्ता मधल्या काळात कुणीतरी घेतला होता. याद्यांमधले बेवारस पत्ते हुडकून विकत घेणारे आणि तिथे जाळं लावून बसणारे लोक असतात. यावर त्यांनी स्वतः दोन लांबलचक लेख लिहिले होते.

"ब्लॉगचं नाव काय तुझ्या?" त्यांनी विचारलं. उत्तर आधीच कळलं होतं.

"पांढरी टोपी."

ती पदराने डोळे पुसत होती. कॉम्प्युटर त्यांच्या हाताशी होता. फोल्डरचं नाव बदलायला दोन क्षण पुरले असते. 'छोटीचे लेख' असं काहीतरी लिहिलं असतं, तर दादा किती काळजी करतो म्हणून ती आयुष्यभर कौतुक सांगत फिरली असती. घड्याळजींचा हात माऊसपर्यंत गेलाही. मग त्यांनाच स्वतःची शिसारी आली.

"इकडे बस," ते म्हणाले.

तिने फोल्डरचं नाव वाचलं. "चोर? हे काय?"

"तू."

मग त्यांनी सगळं सांगितलं. खोटी नोंद, रचलेला पत्ता, दर रविवारचा पुरावा, काहीही न लपवता. ती फोल्डर उघडून एकेक लेख मोजत गेली. दोनशे तेरा होते. बुधवारचा शेवटचा तेवढा नव्हता. शेवटी तिने 'माझ्याबद्दल' असं लिहिलेलं पान उघडलं आणि खुर्ची बाजूला सरकवली, म्हणजे त्यांना वाचता यावं.

'लिहायची सामग्री मला एका यादीतून मिळाली. यादी माझ्या दादाची आहे. नाव सांगितलं तर तो ओरडेल. पण त्याने तपासलेलं असेल, तर डोळे मिटून उघडा.'

घड्याळजींना पुढचं दिसेना. चष्मा काढून पुसला तरी दिसेना.

"आधी ते यादीतून काढ," ती करड्या आवाजात म्हणाली. वॉर्डात बोलायची तसं. "आणि का काढलंस ते लिही. आणखी किती जणांनी उघडलं असेल, देव जाणे."

त्यांनी काढलं. तिथे लिहिलं, 'ही जागा मी तपासली नव्हती. ती मी खोटी घातली होती. पासवर्ड दिला असेल तर आत्ताच्या आत्ता बदला.' खाली आठ वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं पूर्ण नाव घातलं. लेख पेनड्राइव्हवर भरून तिच्या हातात दिले. ती ते पर्समध्ये ठेवून शटरकडे निघाली.

"पुढच्या रविवारी यादी टाकली, तर वाचशील?" त्यांनी विचारलं.

ती थांबली.

"वाचीन की," ती म्हणाली. "पण तुझ्या यादीतलं आता काहीही उघडायच्या आधी मी सात दिवस तपासून बघणार."