ऑपेराला घातलेले काळे बूट

अगं पोरी, ती बॅग ठेव बाजूला आणि बस जरा. ऑपेराला काय घालायचं म्हणून विचारायला आलीस ना? सांगतो. आधी मी काय घातलं होतं ते ऐक.

तुझ्या काकूनं गाणं शिकवणाऱ्या एका बाईंकडे अठरा वर्षं घरकाम केलं. त्या बाई दिवसभर ऑपेराच्या रेकॉर्डी लावायच्या. ऑपेरा म्हणजे नाटकच, पण साधं 'पाणी दे' म्हणायचं तरी गाऊन म्हणतात. त्यातलं एक गाणं काकूच्या डोक्यात बसलं. शब्द एक कळत नाही, चाल तोंडपाठ. भांडी घासताना गुणगुणायची आणि मी ओरडायचो, "काय भुणभुण लावलीस गं!"

मग आमच्या मुलीनं आम्हाला परदेशच्या टूरवर पाठवलं. काकू म्हणाली, "किल्ले-बिल्ले राहिले तरी चालतील. तो ऑपेरा बघायचा. आणि ते गाणं तुम्ही माझ्या शेजारी बसून एकदा नीट ऐकायचं. मग म्हणा भुणभुण."

आदल्या दिवशी टूरच्या गाईडबाई म्हणाल्या, "उद्या दुपारी ऑपेरा. कपडे जरा बरे घाला. स्पोर्ट शूज नकोत."

मी पायाकडे बघितलं. पांढरेफटक स्पोर्ट शूज. चालायचं फार म्हणून मुलीनंच घेऊन दिलेले. दुसरं काय, तर बाथरूमच्या चपला.

काकू म्हणाली, "जा, काळे घेऊन या एखादे."

म्हटलं, "एका दुपारसाठी? रंगाऱ्याच्या बायकोनं असं बोलावं?"

आमच्या हॉटेलात जिन्याच्या कठड्याला एक जण काळा ऑइलपेंट मारत होता. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला. मी बूट दाखवला, ब्रश मारल्यासारखा हवेत हात फिरवला. पोट धरून हसला लेकाचा! पण कागदी कपात रंग ओतून दिला, वर ब्रशही दिला.

मारला हात. काय दिसायला लागले सांगू, तोंड बघावं त्यात! तळव्याची रबरी कड तेवढी पांढरी राहिली होती, तीही रंगवली. सकाळी बोट लावून बघितलं. वरून कोरडे.

काकू म्हणाली, "अहो, वास येतोय."

"नव्याचा आहे," म्हटलं.

आता माझी अक्कल बघ. चाळीस वर्षं भिंती रंगवल्या, दारं रंगवली, लोखंड रंगवलं. रबर कधी रंगवलं नव्हतं. ऑइलपेंट रबराला धड वाळतच नाही. त्यात तिथली थंडी. आपल्याकडे एका रात्रीत वाळतो, म्हणून तिथंही वाळेल असं धरून बसलो.

गेलो. पांढऱ्या दगडाच्या रुंद पायऱ्या. लोक बघतो तर कुणी जीन पँटमध्ये, कुणी सुटात, आणि एक बाई तर डोंगर चढायचे बूट घालून आलेली! कोण कुणाच्या पायाकडे बघत नव्हतं. म्हटलं, उगाच जिवाला घोर लावून घेतला आपण. ऐटीत वर चढलो. मागून दारवान ओरडला. वळून बघतो तर पायरी-पायरीवर माझ्या तळव्याचे काळे काठ उठलेले.

काकूनं कपाळाला हात लावला. "शोभा केलीत ना शेवटी!"

गाईडबाई म्हणाल्या, "काका, बूट काढा आणि चला. पुसतील त्यांची माणसं. घंटा झाली की दार बंद, मग मध्यंतरापर्यंत सोडत नाहीत."

पण मला ठाऊक ना, तो दगड रंग पितो. अर्धा तास गेला की मुरला, मग घासा जन्मभर. दुसऱ्याच्या फरशीवर डाग टाकून मी आजवर एक काम सोडलेलं नाही. म्हटलं, "तू हो पुढे."

"अहो, गाणं पहिल्या भागातच आहे."

"हो पुढे."

माझ्याकडे असं बघितलं तिनं! आणि गेली. घंटा झाली.

झाडणाऱ्या बाईंनी थिनरची बाटली आणि चिंध्या आणल्या. मी बूट काढले आणि नुसत्या मोज्यांवर एकेक पायरी पुसली. त्या सारख्या माझ्या पाठीवर थोपटत होत्या. चौदा पायऱ्या. एक डाग ठेवला नाही. कान मात्र दाराकडे. पण दार केवढं जाड! सूर सोड, टाळ्यासुद्धा ऐकू आल्या नाहीत.

मध्यंतराला काकू धावत बाहेर आली. रडून डोळे लाल. "ऐकलंत? आलं ना इथपर्यंत?"

म्हटलं, "आलं की. झकास होतं."

थिनरचे हात तसेच धरून तिनं मला आत नेलं. उरलेला ऑपेरा मोज्यांवर बघितला मी. कुणी हूं की चूं केलं नाही. तेव्हा पोरी, तू घाल तुला हवं ते. धुतलेलं, वाळलेलं असलं म्हणजे झालं.

पण त्याला आता सहा वर्षं झाली. ओट्यापाशी गुणगुणता गुणगुणता ती वळते, म्हणते, "हेच हो, आठवतंय ना?" आणि मी नंदीबैलासारखी मान हलवतो. मी ऐकलंय ते तिच्याच तोंडून, खरं एकदाही नाही. नाव ठाऊक नाही, तिला विचारायची सोय नाही. तुला त्या मोबाईलमधलं कळतं. मी चाल म्हणून दाखवतो, हसू नकोस. भाजी घेऊन ती वर यायच्या आत तेवढं शोधून लावून दे ना मला.