परत न आलेले

सकाळी सव्वानऊ वाजता हृदयविकाराच्या वॉर्डातल्या खिडकीजवळच्या पेशंटला आज घरी सोडायचं ठरलं. दाखल होऊन तिसराच दिवस. वय अठ्ठ्याहत्तर, हृदय थकलेलं, पायांची सूज उतरलेली, जिभेची धार मात्र कायम. राउंडवरच्या डॉक्टरीणबाई "आजोबा, आज घरी" म्हणाल्या तेव्हा ते म्हणाले, "का? माझं तोंड बघून कंटाळलात?"

घरात त्यांना सगळे अण्णा म्हणत. धाकट्या मुलानं व्हरांड्यात येऊन थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, सही करू ना?"

"कसली?"

"अण्णांना न्यायची. ती तुमची 'लवकर घरी' योजना नाही का, तीच. तिसऱ्या दिवशी गोळ्या देतात, फोन नंबर देतात आणि निघा म्हणतात. त्यांना बोलताना अजून धाप लागते, म्हणून मी थांबलो. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यावर मोठं संशोधन झालंय आणि पैसे तुझ्याच ऑफिसनं दिलेत. म्हटलं, मग हिलाच विचारू. तू हो म्हण, मी सही करतो."

ताई तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात, त्याच योजनेवर मूळ संशोधन केलेल्या डॉक्टरांच्या दाराबाहेर बसली होती. योगायोग फार मोठा नव्हता. शहरातल्या सगळ्या सरकारी इस्पितळांत आता हीच योजना होती, आणि तिच्याबद्दलचा ताईचा अहवाल आज संध्याकाळी वर जायचा होता. लहान गावांमधल्या इस्पितळांत ती सुरू करायची का, हे त्या अहवालावर ठरणार होतं.

आरोग्य संशोधनाला पैसे देणाऱ्या ऑफिसात तिचं काम मागाहून जाऊन बघायचं असे. पैसे कुठे गेले, काम कसं झालं, आणि शेवटी आजारी माणसाचं काही भलं झालं का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'अद्याप सांगता येत नाही' असं यायचं. 'लवकर घरी' हा अपवाद होता. ऑफिसच्या जिन्यात त्या योजनेचं पोस्टर लावलं होतं.

"बारापर्यंत सांगते. तोवर सही करू नकोस," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिनं निष्कर्ष मनात पुन्हा म्हटला. तो तिला तोंडपाठ होता. लवकर घरी गेलेल्यांपैकी महिन्याभरात इस्पितळात परत येणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. आज पहिल्यांदाच तिनं तो अण्णांना लावून पाहिला, आणि तो बसेना. अण्णा इस्पितळात आपल्या पायांनी कधीच येणारे नव्हते. या खेपेलाही चार दिवस धाप लपवून, "हवा कोंदट आहे" म्हणत ते बसून होते. शेवटी धाकट्यानं उचलून आणलं. अण्णा परत आले नाहीत, यावरून अण्णांबद्दल काहीच कळलं नसतं.

डॉक्टर पन्नाशीचे होते. चष्मा कपाळावर सरकवलेला, टेबलावर अर्धवट खाल्लेलं सफरचंद. ताईनं ठरलेले प्रश्न पिशवीतच ठेवले.

"डॉक्टर, जे परत आले नाहीत त्यांचं काय झालं?"

"काय म्हणजे? घरी आहेत."

"कुणी बघितलं?"

डॉक्टरांनी चष्मा नाकावर आणला. "मॅडम, इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच कुणी विचारतंय. आणि विचारतंय कोण, तर तुमचं ऑफिस!"

मूळ अर्जात दोन परिचारिका आणि एक गाडी होती. घरी गेलेल्या प्रत्येकाला तीन महिने त्याच्या घरी जाऊन बघायचं, असं ठरलं होतं. मग पत्र आलं : अर्ज मंजूर, रक्कम एक पंचमांश कमी.

ते पत्र ताईला चांगलं ठाऊक होतं. ऑफिसात त्याला हजामत म्हणत. आलेल्या प्रत्येक अर्जाची, आत काय लिहिलंय ते न बघता, सारखीच हजामत व्हायची. मुरलेले लोक म्हणून आधीच तेवढं फुगवून मागायचे. कात्री चालवणारे खूष, मागणारेही खूष.

"तुम्ही फुगवून मागितलं नव्हतं?"

"पहिलाच अर्ज होता हो. मला कुणी सांगितलंच नाही." डॉक्टर ओशाळं हसले. "लागणार होते तेवढेच मागितले. मग औषधं कापता येईनात, तपासण्या कापता येईनात. राहिलं घरोघरी जाणं, ते कापलं. आता मोजायचं काय? जे आमच्या दारात परत येतात ते मोजता येतात, त्यांना गाडी लागत नाही. तुमच्या समितीनं बदल मान्य केला."

"म्हणजे कुणी घरीच दगावला असेल तर तो तुमच्या हिशेबात..."

"परत आला नाही. चांगल्या बाजूला."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. तिचं एक चाक करकरत होतं.

"हे तुम्ही लिहिलं का नाही?"

"लिहिलंय की. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. तुम्हीही वाचलंय, मॅडम. सगळ्यांनीच वाचलंय."

ताईनं वाचलं होतं. अशी वाक्यं प्रत्येक अभ्यासाच्या शेवटी असतात. जेवून उठताना हात धुवावेत तशी ती वाचली जातात.

"योजना चांगली आहे असं वाटतं तुम्हाला?"

"वाटतं. मनापासून वाटतं. माहीत मात्र नाही."

"तुमचे वडील असते तर?"

"घरी नेलं असतं," डॉक्टर म्हणाले. "आणि सकाळ-संध्याकाळ स्वतः जाऊन छाती तपासली असती."

ताईनं तिथूनच धाकट्याला फोन केला. "सही करू नकोस. अजून दोन-तीन दिवस ठेवा म्हणावं."

"कारण काय सांगू?"

"घरी गेल्यावर काय होतं ते कुणालाच माहीत नाही, हे सांग."

"मी सांगितलं तर मला बाहेर काढतील. तूच बोल."

डॉक्टरीणबाईंचा आवाज तरुण आणि थकलेला होता. "ताई, तुमच्याच ऑफिसच्या पोस्टरवर आहे ना हे? आम्ही वर्षभर रोज माणसं घरी पाठवतोय. तेव्हा ठीक होतं, आणि आज तुमचे वडील म्हणून ठीक नाही?"

"आजच कळलं मला."

"बरं. इथे दारात एक आजी स्ट्रेचरवर आहेत, पहाटेपासून. त्यांना काय सांगू? तुमच्या वडिलांना घरी जायचं नाहीये म्हणून?"

"संध्याकाळपर्यंत तरी थांबा," एवढंच ती म्हणाली.

दुपारी ती आपल्या ऑफिसात, संचालकांसमोर उभी राहिली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मग लिहा ना," ते म्हणाले. "'पुढील संशोधनाच्या दिशा' या भागात. ती जागा त्यासाठीच आहे."

"सर, तो भाग कुणी वाचत नाही."

"म्हणूनच तर." मग स्वतःच्याच बोलण्यानं ते जरा वरमले. "हे बघा, लोकांना दाखवण्यासारखं आपल्याकडे हे एकच आहे. आपणच ते पाडलं, तर पुढच्या वर्षी हजामत करायलाही डोकी उरणार नाहीत. आणि योजना वाईट आहे असं कुठं सिद्ध झालंय?"

"चांगली आहे असंही नाही."

"लिहा तुम्हाला काय लिहायचं ते. पाठवण्याआधी मी बघतो."

तिनं पहिल्याच पानावर, सगळ्यात वर, एक वाक्य घातलं : 'घरी पाठवलेल्या रुग्णांपैकी किती जण जिवंत आहेत, हे आजवर कुणीही पाहिलेलं नाही.' अहवाल संचालकांकडे देऊन ती जिना उतरत होती तेव्हा धाकट्याचा फोन आला.

"ताई, अण्णांना घरी आणलं."

"अरे, मी काय सांगितलं होतं?"

"मी नाही केली सही! मी खाली औषधं आणायला गेलो, तेवढ्यात त्यांनी स्वतःच केली. त्या स्ट्रेचरवरच्या आजींना म्हणाले, या, गादी गरम करून ठेवलीय. सगळा वॉर्ड हसत होता. मी वर आलो तर आजी पलंगावर आणि हे चपला घालून तयार."

ताई घरी पोचली तेव्हा अण्णा खुर्चीत होते. वहिनीनं, धाकट्याच्या बायकोनं, पाठीला दोन उशा लावल्या होत्या. आडवं झालं की श्वास लागत होता.

"काय गं, तुझ्या योजनेचा माणूस आलाय घरी," अण्णा म्हणाले. एवढं वाक्य बोलताना ते दोनदा थांबले. "तोंड का पाडलंस? चांगली आहे म्हणतात की सगळे."

"अण्णा, धाप वाढली तर लपवायची नाही. लगेच सांगायचं."

"सांगेन की."

"खरं?"

"हवा जरा कोंदट आहे, एवढंच," अण्णा म्हणाले.

रात्रभर ते खुर्चीतच बसून होते. इस्पितळानं वजनाचा काटा दिला होता. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की वजन दोन किलो वाढलं, तर पाणी साठतंय असं समजून फोन करावा. सकाळी सात वाजता धाकट्यानं त्यांना धरून काट्यावर उभं केलं. वजन काल इस्पितळात भरलं होतं त्यापेक्षा एक किलो जास्त भरलं. ताईनं फोन लावला. पलीकडची बाई सौजन्यानं म्हणाली, एक किलोला बोलवत नाही, संध्याकाळी पुन्हा बघा.

अहवाल वर गेला, एवढं ऑफिसातून कळलं. पहिल्या पानावर वरती काय आहे, ते तिनं अजून पाहिलेलं नाही. घोट्यांवर सूज पुन्हा दिसू लागली आहे. अण्णा खुर्चीत बसून आहेत, आणि विचारलं की बरं वाटतंय म्हणतात.